डोळ्याचं पार्सल

"आत काय आहे?" कुरिअरच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"डोळा."

त्यांनी मान वर केली. "खरा नाही, प्लास्टिकचा," मी म्हणालो. अठ्ठावीस वर्षं मी कृत्रिम डोळे बनवतोय, हा खुलासा मला तोंडपाठ आहे. बाईंनी यादी चाळली. यादीत चष्मे होते, घड्याळं होती, दातांची कवळीसुद्धा होती. डोळा नव्हता. शेवटी त्यांनी 'शोभेची वस्तू' असं लिहिलं आणि वर 'मौल्यवान' असा लाल शिक्का मारला. मी हुज्जत घातली नाही. पायाला प्लास्टर होतं, आणि कुबड्यांवर उभं राहून हुज्जत घालायला वेगळी ताकद लागते.

डोळा माझ्या ताईसाठी होता. जुना बेसिनमध्ये पडून त्याचा टवका उडाला होता. शुक्रवारी सकाळी तिची एकुलती एक लेक नोकरीसाठी दूर निघणार होती, आणि डोळ्याला पट्टी बांधून मी काही स्टेशनवर येणार नाही, असं ताईनं सांगून टाकलं होतं. ताई एकदा नाही म्हणाली की विषय संपला. पाय धड असता तर मीच डोळा घेऊन गेलो असतो.

आता जे सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. ताईचा डोळा मी फोडला. मी नऊ वर्षांचा होतो, ती बारा. कशावरून तरी भांडलो, मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींमागे मी दबा धरून बसलो आणि ती आल्यावर दगड मारला. शुद्धीवर आल्यावर तिला त्या दिवसातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. रस्त्यावरच्या पोरांचा दगड असणार, असं घरात ठरलं. मी तोंड उघडलं नाही. आई गेली, बाबा गेले, तरी नाही. हा धंदा मी का निवडला ते ताई कौतुकानं लोकांना सांगते, तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

दर चार-पाच वर्षांनी ती माझ्यासमोर खुर्चीत बसते आणि तिच्या चांगल्या डोळ्याकडे बघत मी बुबुळ रंगवतो. वय वाढतं तसं बुबुळाच्या कडेला राखी वर्तुळ येतं, पांढऱ्यात पिवळट झाक येते. तेही उतरवावं लागतं. या वेळी ती समोर नव्हती. मी आठवणीनं रंगवलं, दोन दिवसांत पुरं केलं आणि पाठवून दिलं. मंगळवारी ब्रश धुताना लक्षात आलं की राखी आणि पिवळ्या रंगाच्या बाटल्या मी उघडल्याच नव्हत्या. चोपन्न वर्षांच्या बाईसाठी मी बारा वर्षांच्या मुलीचा डोळा करून बसलो होतो. स्वतःचाच राग आला. पण पट्टीपेक्षा बरा, अशी मनाची समजूत घातली.

त्याच वेळी फोनवर निरोप आला. 'डिलिव्हरीचा प्रयत्न केला. घर बंद.'

मी ताईला फोन लावला. "घर बंद?" ती म्हणाली. "अरे, मी सकाळपासून दारात ठाण मांडून बसलेय. चहासुद्धा दारातच प्यायले. काळं कुत्रं फिरकलं नाही इकडे."

निरोपासोबत पुरावा म्हणून फोटो होता. त्यात दार नव्हतं. फरशी होती, एक नळ होता आणि नळाखाली पालथी बादली. फोटो खालून घेतलेला होता, काढणारा बुटका असावा तसा.

हेल्पलाइनवर 'आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे' हे अकरा वेळा ऐकलं. मग एक मुलगा लाइनवर आला. "सर, सिस्टीममध्ये पत्ता जुळतोय." मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो 'हो सर' म्हणत राहिला.

बुधवारी पुन्हा तेच. घर बंद. या फोटोत नळ डावीकडे गेला होता आणि समोर दोरीवर पांढऱ्या चादरी होत्या. मी फोटो मोठा केला. बादलीची कडी तुटलेली होती आणि तिच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली होती. ती तार बाबांनी गुंडाळली होती. मी शेजारी बसून पकड धरली होती.

आमचं ते जुनं घर पाडून तीस वर्षं झाली. तिथे आता गाड्या धुतात.

मी ताईच्या शहरातल्या शाखेचा नंबर मिळवला. मॅनेजर सभ्य माणूस होता. त्यानं रॅक बघून येतो म्हणून सांगितलं आणि परत आला.

"तुमचं पार्सल इथेच आहे. लाल शिक्क्याचं ना? दोन दिवस जागेवरून हललेलं नाही."

"मग फोटो कोण काढतंय?"

"ते मला सांगता येणार नाही. डिलिव्हरी फसली तर फोटो फक्त पाठवणाऱ्याला जातो. पोचलं की दोघांना."

दोघांना. म्हणजे ताईलाही.

गुरुवारचा फोटो मी बराच वेळ उघडला नाही. उघडला तेव्हा चादरी अगदी जवळ आल्या होत्या. पलीकडून ऊन येत होतं. मधल्या चादरीवर एक सावली होती. हात वर उचललेला.

मी मॅनेजरला फोन केला. "पार्सल थांबवा. मला परत पाठवा."

"अहो, दोन दिवस पोचवा पोचवा म्हणून तुम्हीच आमचं डोकं खाल्लंत!"

"आता नको म्हणतोय. पाया पडतो तुमच्या."

"गाडी भरून सील झाली, साहेब. उद्या सकाळी पहिलं तेच उतरणार."

मग मी ताईला फोन लावला. आज सांगायचंच, असं ठरवलं होतं. ती लेकीच्या बॅगा भरत होती, मजेत होती. "डोळा उद्या येतोय म्हणाले," ती म्हणाली. "तू आहेस म्हणून रे सगळं. बोल, काय म्हणत होतास?"

"काही नाही," मी म्हणालो. "प्रवासाला उशीर करू नका."

शुक्रवारी आठ वाजता निरोप आला. 'पोचलं.'

मी फोटो उघडला.

ताईच्या घराची पायरी. निळं दार. पायरीवर माझा खोका, लाल शिक्का वर. बाकी काही नाही.

मी कितीतरी वेळ तो फोटो बघत राहिलो. मग हसू आलं. उठून चहा टाकला.

ताईचा फोन दुपारी आला. गाडी वेळेवर सुटली होती. पोर रडली, ताई रडली नाही. डोळ्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही, ती म्हणाली.

"बसला ना नीट?"

"इतका नीट कधीच बसला नव्हता."

मागे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"ताई?"

"त्या दिवशी तुझ्या शर्टाची एकच बाही दुमडलेली होती रे," ती म्हणाली. "उजवी."