डावीकडचे दीड इंच

आकाराम मिस्त्रींनी लिलावात ती गाडी घेतली, तेव्हा उचगावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. दोन दारांची, कापडी टपाची, विलायती! कुठल्याशा आवारात बाभळीखाली सहा वर्षं पडून होती. टपाच्या चिंध्या झालेल्या, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला, आणि कागदावर आधीच्या मालकाच्या नावाच्या जागी नुसती एक रेघ.

"अक्षताची पाठवणी ह्याच गाडीतनं," मिस्त्रींनी, म्हणजे आबांनी, घरात जाहीर केलं. "गारगोटीकर व्याह्यांनी तोंडात बोट घातलं पायजे."

थोरलीच्या लग्नाला दीड महिना होता. धाकटी लेक संघप्रिया नुकतीच विज्ञान प्रदर्शनात तालुक्यात पहिली आलेली, त्यामुळे १९९८च्या त्या उन्हाळ्यात तिचे पाय जमिनीवर ठरतच नव्हते. पट्टी आणि वही घेऊन ती दिवसभर गॅरेजात. इंजिन बसलं, पत्रा ठोकून सरळ झाला, मोतिया रंग चढला. शेवटी कुशनवाले हंबीरराव नवा टप आणि नवी सीट घेऊन आले.

टप पहिल्यांदा वर चढवला तेव्हा आत गार अंधार झाला. नव्या रेक्झिनचा वास, आणि त्याखाली ओल्या गोणपाटासारखा दुसरा एक. संघप्रिया मागं उजवीकडे ऐटीत बसली आणि आईची हुबेहूब नक्कल करत शेजारच्या मोकळ्या जागेला म्हणाली, "या पावणं! उभं का? बसा की निवांत!"

सगळे हसले. हसण्यातच तिला शेजारून आवाज आला. फुस्स. शिवणीतनं हवा निघावी तसा.

दुसऱ्या दिवशी गाडी मागं डावीकडे कललेली होती.

"मोजून सांगतो थांबा," म्हणत ती पट्टी घेऊन वाकली. मडगार्डापासून जमिनीपर्यंत उजवीकडे सव्वीस इंच, डावीकडे साडेचोवीस.

"पाटं दमल्यात," आबा म्हणाले. दोन्ही बाजूंचे स्प्रिंगचे पाटे बदलले. साडेचोवीस. हवा तपासली, सारखी. जमीन उताराची असेल म्हणून गाडी तोंड फिरवून लावली. तरीही डावीकडेच साडेचोवीस. मग तिच्या लक्षात आलं की टप खाली घेतला की दोन्हीकडे सव्वीस भरतात. टप चढवला की पाच मिनिटांत डावी बाजू बसते.

"टपाचं वजन," आबा म्हणाले.

"टप काय एकाच बाजूला हाय व्हय? आणि तो खाली घेतला तरी गाडीतच असतोय की!"

"प्रदर्शनात नंबर आला म्हणून मला शिकवू नगंस."

तिने वहीत सगळं लिहिलं, पण खालची निष्कर्षाची ओळ लिहिली नाही. बोलावलं कुणी होतं, ते तिला माहीत होतं. आणि घरी आलेल्या माणसाला ऊठ म्हणायचं तरी कसं? त्यांच्या घरात तसं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. एका दुपारी गॅरेज रिकामं बघून ती दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "बराय पावणं. या आता."

म्हणून झाल्यावर तिला कळलं. 'या' म्हणजे जा, आणि 'या' म्हणजे याच.

गाडी हलली नाही.

तिने मग अक्षताआक्काला गाठलं. "पाठवणीला टप उघडाच ठेवायचा. शपथ घे."

"खुळी का काय तू?" आक्का हसली. पण धाकटीचं तोंड बघून म्हणाली, "बरं बाई. उघडा."

लग्न विहारात लागलं, वंदना झाली, जेवणं झाली. मे महिन्यातलं तीनचं ऊन. नवरदेव प्रसेनजीतभावजी स्वतः गाडी चालवणार, त्यांचे वडील शेजारी, मागं एकटी आक्का. पांढऱ्या साडीत ती दिव्यासारखी दिसत होती. संघप्रिया आहेराचं गाठोडं आणायला वळली तेवढ्यात हंबीररावांनी टप चढवून खटके लावलेसुद्धा.

"काढा तो! आक्कानं शपथ घेतलीया!"

"नवरी करपंल की उन्हात! आणि माझं काम मानसांनी बघायला नगं?"

ती धावत खिडकीशी गेली. आक्का मागं उजव्या कडेला अगदी चिकटून बसली होती.

"मधी बस की गं, ऐसपैस."

"जागा कुठं हाय?" आक्का सहज म्हणाली. रिकाम्या सीटकडे तिने बघितलंही नाही.

"उतर. आक्का, खाली उतर."

पण बायकांनी संघप्रियाला मागं ओढलं. पोर बहिणीसाठी रडतेय, एवढंच त्यांना दिसलं. आक्काचेही डोळे भरले. तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि प्रत्येक नवरी म्हणते तेच म्हणाली, "या हां सगळी गारगोटीला. राहायलाच या."

गाडी गेली.

आठव्या दिवशी प्रसेनजीतभावजी गाडी परत द्यायला आले. टप चढवलेलाच होता. आबांबरोबर ते चहा घेत बसले. संघप्रियाने पट्टी काढली. पाच मिनिटं थांबली, मग दहा.

उजवीकडे सव्वीस. डावीकडे सव्वीस.

"बघ!" आबा खूश झाले. "चालून चालून पाटं बसलं का न्हाय जाग्यावर?"

ती उठली आणि गॅरेजातल्या फोनवरून गारगोटीचा नंबर फिरवला.

"मजेत हाय गं," आक्काचा आवाज खरंच मजेत होता. "सासू-सासरं शिरोळला गेल्यात. ह्यांची वाट बघत एकटीच बसलोय. पावसाच्या आत तू..."

ती थांबली. फोन तोंडापासून जरा लांब गेला.

"वाईच सरका की," आक्का कुणाला तरी म्हणाली. रोजच्या माणसाला म्हणावं तसं.

मग ती पुन्हा फोनवर आली. "हां, काय म्हणत हुतो मी?"