न बोललेला माणूस

वल्लरीने बसमधून उतरून फूटपाथच्या दिशेने पाय टाकला आणि त्या पायाखाली जमीनच नव्हती.

पडायच्या आत कुणीतरी मागून तिचा दंड धरला आणि हिसका देऊन मागे ओढलं. ती रस्त्यावर आदळली. हातातली काठी सुटली, दगडांवर आपटत खाली गेली आणि पाण्यात पडली. गर्दीतून उतरताना काठी अंगाशी धरावी लागते; ती जमिनीला टेकवायलाही वेळ मिळाला नव्हता.

"कोण?" तिने विचारलं.

दंडावरचा हात सुटला. पावलं लांब गेली. उत्तर आलं नाही.

थांब्याजवळ शहाळी विकणारे बाबुराव धावत आले. पाइप टाकण्यासाठी काल संध्याकाळीच इथे चर खणला होता; अडवायला नुसती एक दोरी बांधली होती, तीही सकाळी कुणीतरी तोडली होती. तिला ओढणारा त्यांना फक्त पाठमोरा दिसला होता. पुरुष होता, डोक्यावर टोपी होती, आणि समोरची रिक्षा पकडून तो निघूनही गेला होता.

"हा थांबा कोणता?"

बाबुरावांनी सांगितलं. तो तिचा थांबा नव्हता, त्याच्या आधीचा होता. गेल्या काही दिवसांत तिसऱ्यांदा ती इथेच चुकून उतरली होती.

काचबिंदूने डोळे गेले त्याला चार वर्षं झाली होती. पूर्वी वल्लरी घरांचे नकाशे काढायची. आता वारज्यात, पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन घ्यायची. सुरुवातीला तिचे वडील, दिगंबरराव, तिला सदाशिव पेठेतून रोज बसने नेऊन सोडत, संध्याकाळी आणायला जात. या पावसाळ्यानंतर ती एकटी जाऊ लागली. नकाशावर थांब्याची खूण करून ठेवली होती; ती जवळ आली की फोन कानात सांगायचा. कंडक्टर 'सांगतो, सांगतो' म्हणून गर्दीत विसरतात. फोन विसरत नाही, असा तिचा विश्वास होता.

पहिल्या दोन्ही वेळी तिने संध्याकाळी घरी फोन तपासला होता. थांब्याची खूण बरोबर जागी होती. मग चूक आपलीच, असं तिने मान्य करून टाकलं होतं. दोन्ही वेळी वडिलांना फोन केला आणि ते लगेच येऊन तिला ऑफिसात सोडून गेले. साहेब म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर सोबत माणूस आणा, नाहीतर आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल.

आज तिने घरी फोन केला नाही. बाबुरावांना म्हणाली, "मला पोलीस चौकीत न्याल का?"

चौकीत उपनिरीक्षक नम्रता गायकवाड होत्या. त्यांनी चहा मागवला. वल्लरीला आता तरी घाबरायला हवं होतं. कोपर सोलवटलं होतं, तेही दुखत नव्हतं. ती दुसऱ्याच कुणाची तक्रार सांगावी तसं सांगत गेली.

"फोन दाखवा," नम्रता म्हणाल्या, आणि लगेच, "बापरे, स्क्रीनला उजेड केवढा ठेवलाय. डोळे दिपतात."

"मी उजेड शून्यावर ठेवते. मला त्याचा उपयोग काय? बॅटरी वाचते."

"आत्ता तर पूर्ण आहे."

 गेले काही दिवस फोन दुपारीच बंद पडत होता, एवढंच वल्लरीला आठवलं.

नम्रतांनी नकाशा उघडला. थांब्याची खूण आधीच्या थांब्यावर होती.

"ही कुणीतरी मुद्दाम हलवलीय. यापूर्वीही सकाळी हलवून संध्याकाळी परत जागेवर ठेवली असणार. तुमची चूक नव्हती."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

"फोन उघडता कुणाकुणाला येतो?"

"तिघांना. भाऊ सलिल, त्यानेच हे सगळं बसवून दिलं. ऑफिसात शेजारी बसणारा दत्तप्रसाद, तो कधी कधी माझे मेसेज वाचून दाखवतो. आणि बाबा."

"यातल्या कुणाला तुम्ही एकटं जाऊ नये असं वाटतं?"

"दत्तप्रसादला माझी सकाळची पाळी हवीय. सलिल म्हणतो बस सोड, टॅक्सीने जा. बाबा काही म्हणत नाहीत."

नम्रतांनी ऑफिसात फोन लावला. दत्तप्रसाद बराच वेळ बोलला. पाळी हवी होती हे त्याने कबूल केलं. पण सकाळपासून तो टेबलावर होता आणि तिकडचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात. ती पडली त्या वेळी तो एका बाईला फिल्टर कसा धुवायचा ते समजावत होता. साहेबांनी ते ऐकून खात्री करून सांगितलं. मग नम्रता म्हणाल्या, चला, आता तुमच्या भावाला भेटू.

जीपमध्ये त्यांनी विचारलं, "ओढणाऱ्याचं काय? कुणीतरी भला माणूस असेल, घाईत असेल."

"पुण्यात?" वल्लरी म्हणाली. "इथे हात धरून वाचवणारा माणूस दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडत नाही. 'दिसत नाही तर घरी बसावं', 'सोबत कुणाला आणत नाही का' हे मी रोज ऐकते. हा माणूस एक अक्षर बोलला नाही. मी विचारलं तरी नाही."



घरी सलिल लॅपटॉपपुढे बसला होता. घरूनच त्याचं काम चालायचं. दिगंबरराव नुकतेच बाहेरून आले होते. बहिणीचं कोपर पाहून सलिल उठला. नम्रतांनी त्याला बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, की बहिणीने बस सोडावी असं तुम्हाला वाटतं का. वाटतं, तो म्हणाला, रोज वाटतं. तिचा फोन घेऊन थांब्याची खूण हलवली का? नाही.

"आणि हलवायची असती," तो चिडून म्हणाला, "तर तिचा फोन हातात कशाला घेईन? तिचं खातं माझ्या या लॅपटॉपवर उघडंच असतं. इथे बसून हलवली असती."

 वल्लरी खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभी होती.

"खरंय त्याचं," ती म्हणाली. "मॅडम, मी सांगते."

तिचा आवाज नेहमी गिऱ्हाइकांशी बोलताना असायचा तसाच होता.

"खूण माझ्या फोनवरूनच हलवलीय, कारण स्क्रीनचा उजेड वाढलाय. मला दिसत नाही, म्हणून तो पुन्हा कमी करायचं हलवणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. दत्तप्रसादला फोन मिळतो तो मी ऑफिसात पोचल्यावर. त्या दोन वेळांनंतर मी रोज रात्री खूण तपासते; काल रात्री ती जागेवर होती, म्हणून आजची मी घरातून निघायच्या आतच हलवलेली होती. म्हणजे घरातलाच माणूस. सलिलला फोनची गरज नव्हती. आणि सलिलचे डोळे तरणे आहेत, त्याला एवढा उजेड लागत नाही. पूर्ण उजेड केल्याशिवाय ज्याला नकाशा दिसत नाही असा या घरात एकच माणूस आहे. त्याला मोतीबिंदू आहे."

सलिलची खुर्ची सरकली.

"तरी मी ते बाजूला ठेवलं असतं. पण मला धरणारा माणूस बोलला नाही. का नाही बोलला? ज्याचा आवाज मी ओळखला असता, त्यालाच गप्प बसावं लागतं. आधीच्या दोन्ही वेळी मी फोन केला आणि तुम्ही लगेच आलात, बाबा. पेठेतून तिथे यायला बराच वेळ लागतो. तुम्ही तिथेच होतात."

दिगंबररावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कापडाची ती हालचाल तिला ऐकू आली.

"पहिल्या दिवसापासून," ते म्हणाले. "तू पुढच्या दाराने चढायचीस, मी मागच्या."

मग ते सावकाश सांगत गेले. बायको गेल्यावर दिवस कसा संपवायचा ते त्यांना कळत नव्हतं. मुलीला बसने नेणं-आणणं हे एक काम हाती होतं. तेही सुटलं. तू चुकलीस की बोलवायचीस, ते म्हणाले, मी यायचो, तू हात धरायचीस. पुन्हा माझ्याबरोबर येशील असं वाटलं. तो थांबा त्यांनी स्वतः पाहून निवडला होता. रुंद फूटपाथ, वर्दळ कमी.

"काल दुपारी बघून आलो होतो. तिथे खड्डा नव्हता गं."

"आज तो तुम्हाला दिसला कधी?"

"तू पाय उचललास तेव्हा. माझे डोळे हे असे."

"हाक का नाही मारलीत? मी 'कोण' विचारलं तेव्हा तरी?"

टोपीची घडी घालून ते ती उलगडत राहिले. "तुला कळलं असतं," ते म्हणाले.

सलिल उठून आत गेला. आतून नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो तसाच वाहत राहिला.

नम्रतांनी वही उघडली. गुन्हा तर घडलाय, त्या म्हणाल्या, जीव जाऊ शकला असता; तक्रार लिहायची का ते तुम्ही सांगा. वल्लरीने मनात चाचपून पाहिलं. राग सापडला नाही. दयाही नाही. जिथे काहीतरी असायला हवं होतं तिथे फक्त थकवा होता. उघड्या चराची तक्रार लिहा, ती म्हणाली, उद्या दुसरं कुणी पडेल. या खोलीतलं या खोलीतच राहू द्या. आणि माझ्या साहेबांना एवढं सांगा, की चूक माझी नव्हती.

नम्रतांनी साहेबांना तिथूनच फोन केला. जाताना दिगंबररावांना त्या एवढंच म्हणाल्या, "परत मला इथे यायला लावू नका."

त्या संध्याकाळी वल्लरीने फोनचा पासवर्ड बदलला. घरातली जुनी काठी शोधून काढली. 

सकाळी ती तयार झाली. दिगंबरराव पुढच्या खोलीत बसले होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांच्या चपला दाराशीच होत्या; तिच्या काठीला लागल्या. तिने दार उघडलं.

"निघते मी."

उत्तर आलं नाही. ती उंबऱ्यात थांबली. एक पाय बाहेर, एक आत. खाली रस्त्यावर स्कूटर सुरू झाली आणि दूर गेली.

"बाबा," ती म्हणाली, "गप्प बसू नका. तुम्ही आता काही झालं तरी गप्प बसायचं नाही."

आतून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"ये जाऊन," ते म्हणाले. आवाज फाटला होता, पण त्यांचाच होता.

तिने काठी पायरीवर टेकवली आणि खाली उतरू लागली.