व्हॉल्व्हवरची चप्पल

यातला एक शब्दही पदरचा नाही. आमच्याच घरात घडलंय, म्हणून नावं तेवढी लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वीचा मंगळवार, भर दुपार.

आमच्या गावात पाणी दिवसाआड येतं. दुपारी दोन ते तीन. त्या एका तासावर सगळं गाव चालतं. लग्नाची तारीखसुद्धा पाण्याचा दिवस बघून ठरते. एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारे शेजारीही त्या वेळी "आलं हो पाणी!" म्हणून हाक मारतात.

माझे काका पाणीपुरवठ्यात सुपरवायझर. टाकी धुवायला माणूस आत उतरला, की तो आपली चप्पल टाकी भरायच्या व्हॉल्व्हच्या चाकाला अडकवतो. चप्पल असेपर्यंत चाकाला कुणी हात लावत नाही.

त्या मंगळवारी काकांनी लावला.

अडीच वाजले होते, फोनवर लोक शिव्या घालत होते. काकांनी टाकीत एक हाक मारली. उत्तर नाही. 'गेला असेल चहाला, चप्पल विसरून,' असं म्हणून त्यांनी चप्पल काढली आणि चाक फिरवलं.

आतून आवाज आला...

ठक. ठक. ठक.

काकांना वाटलं, पाइपात हवा असेल.

चौकशीत ते म्हणाले, "चाकावर चप्पल नव्हतीच." सगळा दोष मेलेल्याच्या माथी गेला. त्याच्या जागी बायकोला मिळायची नोकरीही गेली. ती आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहते.

पुढच्या पाण्याच्या दिवशी गल्लीत सगळ्यांचे नळ वाहत होते.

आमचा कोरडा.

फक्त आतून... ठक. ठक. ठक.

प्लंबरने पाइप उघडला. म्हणाला, "लाइन एकदम साफ आहे. पाणी का येत नाही, मला विचारू नका." काका आत्याकडे राहायला गेले. तिचा नळ आटला, आमचा सुरू झाला. परत आले, तर पुन्हा आमचा आटला.

शेवटी एका दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं.

मी म्हटलं, "काका, ऑफिसात लिहून द्या."

"वेडा आहेस का? नोकरी जाईल. ज्याला ऐकायचंय, त्यालाच सांगतो."

ते बाथरूममध्ये गेले. कडी लावली. मी बाहेरून ऐकलं... "चप्पल मी काढली. आता सोड मला."

नळ धो धो सुरू झाला. काका मोठ्याने हसले. "बघ, भागलं!"

मग हसणं थांबलं.

दार फोडलं. काका जमिनीवर पडले होते. नळ कोरडा. फरशी कोरडी. त्यांचे कपडेही कोरडे. डॉक्टर म्हणाले, "बुडून गेलेत. छातीत पाणी आहे."

आता खरं काय ते फक्त मला ठाऊक आहे. बोललो तर काकूची पेन्शन जाईल, म्हणून गप्प बसलो. लाज वाटते, पण बसलो.

गेल्या आठवड्यापासून आमचा नळ पुन्हा कोरडा आहे.

काल दुपारी दार वाजलं. उघडलं, तर त्या टाकीतल्या माणसाची बायको. हातात भरलेली बादली.

"तुमच्याकडे पाणी येत नाही म्हणे. घ्या. शेजारधर्म असतो की नाही?"

मी सांगायला तोंड उघडलं. काकूची पेन्शन आठवली. बादली घेतली आणि दार लावलं.

ती ओट्यावर तशीच आहे. घरात दुसरं पाणी नाही. तहानेने काकूचा जीव कासावीस झालाय, मला हाका मारतेय. पण त्या बादलीतलं पाणी तिला द्यायचा मला धीर होत नाही.