रुमाल ठेवलेली जागा

त्या सकाळी राजाभाऊंनी नेहमीप्रमाणे बिनसाखरेचा चहा घेतला, रक्तदाबाची गोळी घेतली, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि माकडटोपी डोक्यावरून ओढून हनुवटीखाली नीट बसवली. कापडी पिशवीत दोन केळी आणि पाण्याची बाटली होती. बाहेर हॅनोव्हरचा नोव्हेंबर होता. समोरच्या बाल्कनीत कुणीतरी उन्हाळ्यातल्या विश्वचषकासाठी लावलेला झेंडा भिजून काठीला चिकटला होता.

ऊर्मिलाचा निवासी परवाना वाढवून घ्यायचा होता. परदेशी नागरिकांच्या कचेरीपुढे, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेपुढे, दार उघडण्याआधीच रांग लागत असे. आणि नेमका त्याच सकाळी हाइत्सुंग, म्हणजे घर गरम ठेवणारी यंत्रणा, दुरुस्त करणारा माणूस घरी यायचा होता. तिचा नवरा हृषिकेश पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. तो पहाटेच कामावर गेला होता. नंबर लावायला जातो, असे तिचे सासरे राजाभाऊ आदल्या दिवशी आपणहून म्हणाले होते. पुण्यात त्यांनी आयुष्यभर हेच केले होते. रॉकेल असो, दवाखाना असो, रेल्वेचे आरक्षण असो, घरातल्या कुणाचेही काम असले की राजाभाऊ पुढे जाऊन उभे राहत. आपल्या मागच्या जागेवर चौकड्यांचा रुमाल टाकत, त्यावर दगड ठेवत. ज्याचे काम तो आला की त्याला उभे करून घरी परतत. त्याला उशीर झाला, तर मागच्या लोकांना एकेक करून पुढे सोडत. पण जागा सोडत नसत.

"बाबा, तुम्ही पुढे व्हा, मी आलेच," ऊर्मिला म्हणाली.

"ये सावकाश. मी आहे तिथे."

ट्रामचे दोनच थांबे होते आणि रस्ता त्यांच्या पायाखालचा होता. हाइत्सुंगवाला उशिरा आला, त्याने कॉफी मागून घेतली. ऊर्मिला कचेरीपाशी पोहोचली तेव्हा रांग होती. राजाभाऊ नव्हते. माकडटोपी घातलेला म्हातारा माणूस रांगेतल्या कुणालाच आठवत नव्हता.

पोलिसांनी सगळे केले. इस्पितळे, स्टेशन, लाइने नदीचा काठ, सगळीकडे शोध झाला. ख्रिसमसचा बाजार भरला आणि उठला. हृषिकेश सुट्टीच्या दिवशी वडिलांचा फोटो घेऊन ट्रामच्या एकेका थांब्यावर उभा राही. घरी आल्यावर तो ऊर्मिलाला काही विचारत नसे, आणि तेच तिला सोसवत नसे.

जानेवारीत शहराच्या वाचनालयाचे स्मरणपत्र आले: एक डीव्हीडी परत करायची राहिली होती. साठच्या दशकातली ती कृष्णधवल मालिका राजाभाऊ रोज दुपारी लावून बसत. घड्याळजीच्या कपाटातून तीन प्रवासी कधी या शतकात, कधी त्या शतकात उतरत. राजाभाऊंना जर्मन येत नव्हते आणि त्यांचे काही अडतही नव्हते. त्यांचा लाडका भाग फ्रेंच राज्यक्रांतीतल्या पॅरिसचा होता. तुरुंगाच्या अंगणात पेंढा पसरलेला असे आणि शिक्षा झालेली माणसे रांगेने उभी असत. बहुधा पैसे कमी पडले असावेत, कारण गिलोटिनचे, मुंडके उडवणाऱ्या यंत्राचे, पाते कधी दिसायचे नाही. नुसता धप्प आवाज यायचा आणि भिंतीवरचे कावळे उडायचे. "मरायचं, तेसुद्धा रांगेत," राजाभाऊ म्हणत. "आणि तो टोपीवाला बघ, मधेच घुसला. लेका, कसली घाई आहे तुला?"

परत करण्याआधी तबकडी चालते ना, एवढेच ऊर्मिलाला पाहायचे होते. तिने तोच भाग लावला.

रांगेच्या तोंडाशी राजाभाऊ उभे होते. माकडटोपी, मफलर, हातात पिशवी. त्यांच्या मागे दगडी फरशीवर चौकड्यांचा रुमाल होता आणि त्यावर दगड. एक शिपाई त्यांना पुढे बोलवत होता. त्यांनी नम्रपणे मान हलवली, मागच्या बाईला हाताने वाट करून दिली. बाई पडद्याबाहेर गेली. धप्प आवाज झाला, कावळे उडाले.

संध्याकाळी हृषिकेशने तो भाग पाहिला. मग पुन्हा पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याने दुसऱ्या शाखेतून त्याच भागाची वेगळी प्रत आणली. तिच्यातही ते होते. तिथल्या ग्रंथपाल बाईंना त्याने चित्र थांबवून दाखवले. त्यांनी चष्मा सारखा केला.

"हां, तो म्हातारा," त्या सहज म्हणाल्या. "तो पहिल्यापासूनच आहे ना."

हृषिकेशने कामावर जाणे सोडले. तो आवाज बंद करून बघत बसे, आणि त्याच्यातला इंजिनिअर नोंदी घेत असे: प्रत्येक वेळी राजाभाऊंच्या मागची रांग तोकडी होत होती. तबकडी दोन दिवस कपाटात ठेवून पाहिली, तरी ती तोकडी होतच राहिली. राजाभाऊंची दाढी वाढली होती. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. एकदा त्यांनी केळे सोलून अर्धे मागच्या पोरसवदा मुलीला दिले, आणि मग तिलाही पुढे सोडले.

हृषिकेश पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणत राही, "बाबा, घरी या. काम रद्द झालंय." राजाभाऊ दाराकडे पाहत असत.

"ते सगळ्यांना पुढे का सोडतायत?" त्याने एकदा विचारले.

ऊर्मिलाला ते पहिल्याच दिवशी कळले होते. "माझी वाट बघतायत," ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी मागे एकच माणूस उरला, लाकडी पायाचा. त्याच्याशी राजाभाऊ बराच वेळ काहीतरी बोलले, हातवारे करून हसले, आणि त्यालाही वाट करून दिली. कावळे उडाले. अंगणात आता राजाभाऊ होते आणि रुमाल होता. शिपाई बोट दाखवत होता. तिथेच तो भाग संपला.

हृषिकेश पडद्यासमोरच बसून राहिला. शनिवारी सकाळी ऊर्मिला उठली तेव्हा तो तिथेच सोफ्यावर, बुटांसकट झोपला होता. त्याच्या मुठीत वडिलांच्या गोळ्यांची पट्टी होती. जायचे कुठून, हे त्याला कळले नव्हते. तिने त्याच्या अंगावर पांघरूण घातले.

मग तिने दोन कप चहा केला, त्यातला एक बिनसाखरेचा, आणि दोन्हींवर बशा झाकल्या. त्या नोव्हेंबरच्या सकाळची फाइल काढली. कोट घातला, आणि दार आवाज न करता ओढून घेतले.

शनिवारी कचेरी बंद असते. फुटपाथवर कुणीही नव्हते. रात्रभर पाऊस पडून गेला होता. सगळे ओले होते.

भिंतीलगत, दारापासून थोड्याच अंतरावर, चौकड्यांचा रुमाल दगडाखाली ठेवलेला होता. तो कोरडा होता.

ऊर्मिला वाकली. दगड बाजूला केला, रुमाल उचलला आणि त्या जागेवर उभी राहिली.

कुजलेल्या पेंढ्याचा वास आला. मान वर केली तर हाताच्या अंतरावर माकडटोपीची पाठ होती.

राजाभाऊ वळले. डोळे खोल गेले होते.

"आलीस?" ते म्हणाले. "बरं झालं. आता आपलाच नंबर आहे."

"बाबा, तुम्ही घरी जा. चहा करून ठेवलाय. हृषी उठेल इतक्यात."

"आणि तू?"

"आता मी उभी राहते."

त्यांनी मान डोलावली. असेच तर असते. "फाइल आणलीस?"

"आणलीय."

"मग झालं तर." रिकामी पिशवी काखोटीला मारून ते तिच्या बाजूने मागे निघाले. थोड्या वेळाने ट्रामची घंटा वाजली. दारे उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

ऊर्मिलाने मागे वळून पाहिले. रांगेत तिच्यानंतर कुणीही नव्हते. तिने रुमालाची घडी केली, ती कोटाच्या खिशात ठेवली, आणि एक पाऊल पुढे टाकले.

भिंतीवर कावळे येऊन बसत होते.