कोंबडीचं पीस

धुळ्यात देवपूरला मृणालीचं शिवणाचं दुकान. ब्लाउज, फॉल-पिको, सणासुदीला तर मान वर करायला फुरसत नाही. त्या दुपारी मात्र एकही गिऱ्हाईक नव्हतं, आणि एक उंच मुलगा पायऱ्या चढून आला.

"सगळ्यात बारीक धागा द्या. पण तुटायला नको."

"कापड दाखवा."

"कापड नाही… माशी आहे."

त्यानं डबी उघडली. आत नखाएवढे गळ, आणि त्यांना पिसं गुंडाळून केलेल्या नकली माशा! एकही धड नव्हती. मृणालीला हसू आवरेना.

"हसा. तापीतले मासेही असेच हसतात," तो म्हणाला.

तो प्रशील, दोंडाईच्याचा. पिसांच्या माशीनं मासे धरायचा त्याला भारी नाद, आणि आता त्या माशा विकायचा बेत. बोटं मात्र जाडजूड. मृणालीनं चिमट्यात गळ धरला, रेशमी धाग्याचे फेरे घेतले आणि पाच मिनिटांत माशी बांधून दिली. तो बघतच राहिला… माशीकडे कमी, तिच्याकडे जास्त. हे तिला कळलं, आणि आवडलंही.

मग कामच ठरलं. दर गुरुवारी प्रशील पिसं घेऊन यायचा आणि बांधलेल्या माशा न्यायचा.

"कोंबड्याच्या मानेचंच पीस हवं. ताठ असतं, माशी तरंगते. कोंबडीचं मऊ. पाणी पितं, माशी बुडते."

"आणि दोरा इतका बारीक कशाला? मासा तोडून पळेल ना."

"जाड दोरा त्याला दिसतो. बारीक लावायचा, काठी हलकी घ्यायची… आणि ओढायची घाई करायची नाही."

"तुम्हाला घाई नाहीच म्हणा," ती धाग्याकडे बघत म्हणाली.

महिने गेले, पण गड्याचं तोंड काही उघडेना. तिला तर गुरुवार ते गुरुवार आठवडा सरता सरेना. शेवटी तिनं आगाऊपणा केला. बारा माशांत चार कोंबडीच्या पिसांच्या बांधल्या. सोमवारी प्रशील हजर!

"बुडाल्या."

"असं कसं झालं?" मृणालीनं साळसूदपणे विचारलं. नवीन बांधून होईपर्यंत चहा झाला, गप्पा झाल्या. असं तीनदा घडलं. घरी खुराड्यापाशी आईनं, पुष्पाबाईंनी, तिला पकडलंच.

"कोंबडीना पिसं कशाले येचस व पोरी?"

"लागतात," म्हणत मृणाली लाल झाली. त्या आठवड्यात तर तिनं बाराच्या बारा कोंबडीच्या बांधल्या.

शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. "कुरियरला आलोय. हिमाचलच्या एका मासेमारीच्या कॅम्पला कालच्या माशा नमुना म्हणून पाठवतोय. पसंत पडला तर वर्षभराचं काम, इथेच राहीन. नाहीतर तिथे नोकरी आहे. पुढच्या आठवड्यात निघेन."

"थांबा! पाठवू नका!" तिनं स्कूटी काढली.

कुरियरच्या दारातच तिनं एका दमात सांगून टाकलं, "त्या बुडतील. कोंबडीचं पीस लावलंय. आधीही मुद्दाम लावायचे… तुम्ही लवकर यावं म्हणून." आता हा पुन्हा आपलं तोंड बघणार नाही, असं तिला वाटलं.

"आधीचं माहीत होतं," प्रशील हळूच म्हणाला. "पीस ओळखता येत नसेल तर हा धंदा कशाला करीन? पण बोललो असतो तर सोमवारचं येणं बंद झालं असतं. कालची डबी उघडलीच नाही. म्हटलं, नमुन्यात तरी तू असं करणार नाहीस."

"नमुना आहे हे सांगितलं होतंत?"

"नाही… जाणार म्हटल्यावर तू रडशील, याची भीती वाटली. आणि रडली नाहीस तर, याची जास्त."

मृणालीनं डोळे पुसले. साडेचार वाजले होते, कुरियर सहाला बंद. दोघं तिथल्याच बाकावर बसली. प्रशीलच्या पिशवीत कोंबड्याची पिसं होतीच. तो एकेक निवडून देत गेला, ती जुनी सोडवून नवी बांधत गेली. सहा वाजले तेव्हा तीन उरल्या होत्या. काउंटरवरचे झुलालभाऊ म्हणाले, "थांबस मी. पन लगीन आठेच, दुकानमा नका लावा!"

शेवटची माशी डबीत ठेवताना प्रशीलचा आवाज बारीक झाला. "आणि… नापसंत झाल्या तर?"

"तर मीही येते हिमाचलला," मृणाली दातानं धागा तोडत म्हणाली. "तिथले लोकही कपडे घालतातच ना!"