गिअरबॉक्समधलं गुलाबी तेल

फिलिपिन्समधल्या बागियोच्या चढावर, तिसऱ्या वळणाला, एक जुनी पांढरी गाडी वाफा सोडत उभी होती. हाताला रुमाल गुंडाळून एक बुवा रेडिएटरचं झाकण फिरवायला निघालेला. मी जीपमधून उडी मारली आणि त्याचं मनगट धरलं. म्हटलं, तोंड भाजून घ्यायचंय का? आधी गार होऊ दे.

तो हात सोडवून घ्यायचं विसरला. मीही... विसरले म्हणू या.

हा फेर्मिन. शेजारच्या ला त्रिनिदाद गावातल्या शाळेत गाणं शिकवतो, वय सत्तेचाळीस. मी नोरिंग, चव्वेचाळीस, बापाच्या गॅरेजात वाढलेली. गाडी ओढून आणली, फाटका पाइप बदलला, वाटलं सुटले. कसलं काय! दर शनिवारी पाणी पुन्हा कमी, बुवा पुन्हा दारात. इंजिन गार होईपर्यंत तो बसायचाही नाही. खालच्या नळावरून कॅन आणून आमच्या घरचं पिंप काठोकाठ भरायचा. फुकटचा गडी मिळाला, असं मी टाटांगना, माझ्या बापाला, म्हटलं. ते नुसते मिशीत हसले.

बाराव्या शनिवारी नवीनच तक्रार. ऑटोमॅटिक गिअर उशिरा पडतो, इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. मग खाली बघत तो म्हणाला, बहिणीने पार दक्षिणेला, दावाओला नोकरी बघितलीय, सोमवारपर्यंत कळवायचंय. गाडी विकून बोटीने जाईन म्हणतो.

 मी मात्र मोठ्याने शीळ घालत बॉनेट उघडलं...

रेडिएटरला हातपंप लावून दाब दिला. खाली एक थेंब नाही, तरी दाबाचा काटा घसरतोय. म्हणजे पाणी आतल्या आत कुठेतरी जातंय. गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली. लालभडक तेल हवं, तर पट्टीवर स्ट्रॉबेरी घातलेलं दूध! गिअरचं तेल रेडिएटरच्या पोटातल्या नळीतूनच गार होतं. ती नळी फुटलेली. पाणी तेलात, म्हणून गिअर घसरतोय. दोन दुखणी, मूळ एकच.

रेडिएटर नवा, गिअरबॉक्स ताज्या तेलाने तीनदा धुवायचा. तीन दिवसांचं काम. पण माझी जीभ मुलखाची खोडकर. चेहरा पाडून म्हणाले, "दोन महिने लागतील."

वाटलं, आता चिडेल.

"दोनच?" फेर्मिन म्हणाला.

शेजारच्या गाडीखालून टाटांग पाना घेऊन सरपटत बाहेर आले. म्हणाले, "नोरिंग, बिनलग्नाच्या मुलीच्या घरी परका पुरुष बारा आठवडे पाणी भरतो, ते काय व्यायाम म्हणून? तुझ्या आईला मागणी घालताना मी वर्षभर तिच्या घरची लाकडं फोडली."

मी वळून पाहिलं. फेर्मिनचे कान त्या तेलापेक्षा गुलाबी.

"मला वाटलं, तुम्हाला कळलंय," तो पुटपुटला. "तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणून... दावाओ."

 हात पुसायला फडकं सापडेना, तसेच काळे हात कमरेवर ठेवले.

"खोटं बोलले मी. गाडी तीन दिवसांत होईल."

"मग चौथ्या दिवशी मी काय करू?"

"चौथ्या दिवसाचं नंतर बघू. आधी आत जा, फोन तिथेच आहे. बहिणीला सांग, येत नाही म्हणून."

तो पळालाच. निम्म्यातून मागे वळला, माझा काळा हात धरला आणि मलाही ओढत आत घेऊन गेला.