स्थगितीतली वाट

तेलगावजवळच्या त्या उसापाशी वकील धनश्री पोचली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. काम साधंच होतं. कोर्टानं तिला कमिशनर नेमलं होतं. उसातून वस्तीच्या स्मशानाकडं जाणारी वाट खरंच आहे का, हे मोजून कळवायचं.

त्या वाटेचा दावा वस्तीतल्या रतनबाईनं एकोणीस वर्षांपूर्वी जिंकला होता. शेतमालक भागवतरावांनी अपील केलं, स्थगिती आणली, आणि मग नुसत्या तारखा. कधी वकील आजारी, कधी कागद अपुरे. तोवर वस्तीनं आपली मेलेली माणसं कमरेएवढ्या ओढ्यातून न्यायची. दोन वर्षांमागं खुद्द रतनबाईची तिरडीही तशीच गेली.

तिची लेक अंजू बांधावर उभी होती. भागवतराव छत्रीखाली बसून म्हणाले, "बघून घ्या म्याडम. नुसता ऊस हाय. वाट कवाच मोडली."

धनश्री टेप घेऊन आत शिरली. पुढं कुणीतरी पाला बाजूला करत होतं. "अंजूताई, टोक धरा अन् पुढं व्हा," ती म्हणाली. पाल्यातून एक हात आला, टोक घेऊन गेला.

चार ओळींनंतर उजेड विझल्यासारखा झाला. वारा पडला होता, तरी पाचट पुढं पुढं वाजत होतं. ओल्या मातीचा वास, त्यात मिसळलेला मिसरीचा. पायाखाली बघते तर ढेकळं नव्हती. गाडीएवढी रुंद, पायांनी गुळगुळीत झालेली वाट. वर दोन्हीकडचा ऊस कललेला, म्हणून बाहेरून दिसत नव्हती.

टेप ताणली गेली.

"धरलं का?"

"धरलं..."

तीस मीटर. तिनं वहीत नोंद केली. पुन्हा तीस. पाचव्यांदा तिनं विचारलं, "अजून किती लांब?"

"आलंच... लई दिस लागले."

आवाज अंजूचा नव्हता. धनश्रीच्या मानेवर काटा आला. पण तिनं मोजणं सोडलं नाही.

सहाव्या मोजणीला ती स्मशानापाशी बाहेर पडली. समोर कुणीच नव्हतं. टेपचं टोक मातीत पडलं होतं. तेवढ्यात ओढ्याच्या काठावरून, कमरेपर्यंत भिजलेली अंजू वर आली.

"तुम्ही... माझ्यापुढं होतात ना?"

"न्हाई ताई. स्थगिती हाय ना. एकोणीस वर्षांत आमी त्या वाटंवर पाय ठिवला न्हाई. मायच्या मयतीलाबी न्हाई." तिनं पदराचा ओला काठ पिळला. "आत मिसरीचा वास आला का?"

धनश्रीनं होकारार्थी मान हलवली.

अंजू रडली नाही. तिची मान ताठ झाली. "मायनं एकबी तारीख चुकवली न्हाई," ती म्हणाली. "आज तर मोजणीची व्हती."

बांधावर भागवतरावांनी गोड बोलून पाहिलं, मग आवाज चढवला. धनश्रीनं त्यांच्यासमोरच लिहिलं : एकशे ऐंशी मीटर, वहिवाटीची वाट, आजही वापरात.

तिसऱ्या महिन्यात अपील फेटाळलं गेलं, स्थगिती उठली. त्या दिवशी सगळी वस्ती इस्त्रीचे कपडे घालून कोर्टात उभी होती. निकालाची नक्कल अंजूनं दोन्ही हातांत घेतली आणि बाहेर येऊन सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. मागं उभ्या धनश्रीचाही ऊर भरून आला.

मग ऊसतोड झाली आणि वाट उघडी पडली. ती स्मशानापाशी संपत नव्हती. तिथून अनवाणी पावलांची एकच रांग वळून भागवतरावांच्या घराकडं गेली होती, थेट उंबऱ्यापर्यंत. परत आलेलं पाऊल मात्र एकही नव्हतं.